साडेअकराचा अर्धा तास

माझ्या बायकोने मला न विचारता माझं नाव रामनामाच्या यादीत घातलं. मला ते कळलं तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आणि तेही पिस्कॅटवेच्या नीनाताईंच्या मेसेजमुळे. "यतीनराव बसणार? खरंच?" असं त्यांनी ग्रुपवर विचारलं होतं.

प्रकरण असं. गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ दिवस अखंड जप चालतो. अमेरिकाभर पसरलेली अठ्ठेचाळीस मराठी माणसं, प्रत्येकाला दिवसातला एक अर्धा तास ठरवून दिलेला. एकाने थांबायचं, त्याच क्षणी दुसऱ्याने सुरू करायचं. साखळी तुटता कामा नये. झालं की ऑनलाइन तक्त्यात आपल्या नावापुढे खूण करायची. रत्नाची, म्हणजे माझ्या बायकोची, वेळ साडेअकराची. तिच्या आधी नीनाताई, तिच्यानंतर बेलव्ह्यूचा गुरुदत्त, जो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच जपाला बसतो. पाच वर्षं हे चाललंय आणि पाच वर्षं मी त्याची टिंगल करत आलोय. देवाने कॉल सेंटर उघडलंय का, असं मी एकदा पाहुण्यांसमोर विचारलं होतं. रत्ना दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

मी नास्तिक आहे. नागपूरला कॉलेजात असताना झालो आणि तसाच राहिलो. शिरा आवडतो म्हणून प्रसाद खातो, पण हात जोडत नाही. तीस वर्षांच्या संसारात रत्नाशी देवाबद्दल एकदाही खोटं बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर मला याचा फार गर्व होता.

"हे काय आहे?" मी फोन तिच्यापुढे धरला.

ती हॉस्पिटलची बॅग भरत होती. "उद्या साडेअकराला माझं हृदय बंद असेल," ती म्हणाली. "झडप बदलायची तर ते थांबवावं लागतं, सर्जनने सांगितलं ना? मशीनवर ठेवतात. मग मी कशी बसणार?"

"नीनाताईंना सांग. त्या एका पायावर तयार होतील."

"नाही. तू बस."

"माझा विश्वास नाही गं. ते खोटं होईल."

"विश्वास कुठे मागतेय? अर्धा तास मागतेय."

घाबरलो की मी वाद घालतो. तेव्हाही घातला. शेवटी तिने स्वेटरची घडी हातात तशीच धरून विचारलं, "आपलं चुकत असेल, असं तुला कधीच वाटत नाही?"

मी औषध कंपनीत संख्याशास्त्रज्ञ आहे. चाचण्यांचे आकडे तपासायचे आणि आपला निष्कर्ष चुकीचा निघण्याची शक्यता किती ते लिहून द्यायचं, हे माझं काम. तिला ते पाठ आहे. "औषधाच्या बाबतीत पाच टक्के चूक धरून चालतोस," ती म्हणाली, "आणि देवाच्या बाबतीत शून्य?"

"तू तरी किती धरतेस?"

तिने बॅगेची चेन ओढली आणि मला वेळ पुन्हा सांगितली.

आम्ही राहतो त्या कॅरीत एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचे परागकण उडतात. दोन आठवडे सगळं गाव पिवळं होतं, कुणी वरून हळद चाळल्यासारखं. हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहाला एका बाजूने मोठी काच होती आणि काचेपलीकडे पार्किंग. शंभर-दीडशे गाड्या, सगळ्या एकाच रंगाच्या. वाऱ्याची झुळूक आली की पिवळा धूर उठायचा आणि सावकाश खाली बसायचा. आत आवाज नव्हता. माझी मुलगी अनिका शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिने तासाभरात एकही कळ दाबली नव्हती.

साडेअकराला मी सुरू केलं.

पहिली पाच मिनिटं लाज वाटली. ओठ हलताहेत हे कुणाला दिसू नये म्हणून मी मासिक तोंडासमोर धरलं. अनिकाने तरी पाहिलंच. "बाबा, आर यू प्रेइंग?" तिने विचारलं. मी बोटाने तिला गप्प केलं. मग हळूहळू लाज गेली. राम राम म्हणता म्हणता शब्दातला अर्थ निघून गेला, देव निघून गेला, माझा तीस वर्षांचा वाददेखील निघून गेला. श्वास आत, श्वास बाहेर, एवढंच उरलं. काचेबाहेरचा पिवळा धूर माझ्या श्वासाबरोबर वर-खाली होतोय असं वाटू लागलं. कुठेतरी याच इमारतीत रत्नाचं हृदय थांबलेलं होतं, आणि मला वाटलं, मी थांबेपर्यंत तिला काही होणार नाही. हे मला वाटलं, आणि मी ते हसण्यावारी नेलं नाही.

मग रत्ना मला पार्किंगमध्ये दिसली.

मला डुलकी लागली असणार. पण दिसली ती अगदी स्पष्ट. हॉस्पिटलचा निळा झगा घालून, अनवाणी, ती गाड्यांच्या रांगांमधून आमची गाडी शोधत होती. सगळ्या गाड्या पिवळ्या, तिला कुठलीच ओळखू येईना. ती एकेका काचेवरून हात फिरवायची, आत डोकावायची आणि पुढे जायची. तिला घाई नव्हती, जणू सुट्टीच्या दिवशी बाजारात निघाली होती. पण ती चुकीच्या बाजूला चालली होती, रस्त्याकडे, आणि धुरात पुसट होत चालली होती. मला हाक मारायची होती. पण तोंडात राम होता. हाक मारली तर साखळी तुटणार, नाही मारली तर ती निघून जाणार. मी कितीतरी वेळ तसाच, दोन्हीच्या मध्ये. मग मी ओरडलो, "रत्ना!"

अनिका दचकली. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा शेहेचाळीस झाले होते.

त्यानंतर मला काही म्हणता येईना. आणि अकरा पन्नासला सर्जनच्या टीममधली एक तरुण डॉक्टर दार उघडून बाहेर आली आणि आम्हाला बाजूच्या लहान खोलीत घेऊन गेली. झडप नीट बसली आहे, ती म्हणाली, पण हृदय परत सुरू व्हायला वेळ घेतंय. दोनदा प्रयत्न केला. औषधं देतोय. अजून थोडी वाट पाहू.

"थोडी म्हणजे?" अनिकाने विचारलं. डॉक्टर घाईने परत आत गेली.

मी जप थांबवला आणि चार मिनिटांनी ही बातमी आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. असं सांगण्याचा मला पगार मिळतो. दुसऱ्या कुणी हा दाखला माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्याला दोन मिनिटांत गप्प केलं असतं. त्या खोलीत मला स्वतःला गप्प करता आलं नाही. मी चुकलो असेन तर? तर मी माझ्या बायकोला मारलं होतं. मी तिथेच, अनिकासमोर, मोठ्याने राम राम म्हणायला लागलो. बारा वाजले, माझा अर्धा तास संपला, तरी थांबलो नाही. माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला. बारा चाळीसला कळलं, हृदय सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी रत्नाच्या घशातली नळी काढली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "झाला अर्धा तास?" तिने विचारलं.

"झाला," मी म्हणालो. "पूर्ण."

ती हसली आणि झोपली. तीस वर्षांतलं देवाबद्दलचं माझं पहिलं खोटं, आणि तेही सलाइन लावलेल्या बाईला. तक्त्यात तिच्या चौकोनात खूण करायला गेलो तर बोट पुढे जाईना. शेवटी कॉरिडॉरमध्ये जाऊन मी नीनाताईंना फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

"अहो, मी कुठे थांबले होते?" त्या म्हणाल्या. "साडेअकरा झाले, पण म्हटलं यतीनराव कसले बसताहेत! गुरुदत्त सुरू करेपर्यंत मीच ओढलं. तुटली नाही साखळी."

मला एवढं हायसं वाटलं, की स्वतःचाच राग आला. माझ्यासारख्या माणसाला हायसं वाटायचं कारणच काय?

तिसऱ्या दिवशी रत्नाला साध्या खोलीत आणलं. दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. खोकताना टाके दुखू नयेत म्हणून नर्सने तिला एक लाल उशी दिली होती, ती छातीशी धरून ती बसली होती. नीनाताईंनी साखळी वाचवली होती, तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. पण मला राहवलं नाही.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "सोळाच मिनिटं झाली. मग राम सोडून मी तुला हाक मारली."

"मला?"

"तू निघाली होतीस कुठेतरी."

मला वाटलं, आता ही रडणार किंवा चिडणार, आणि दोन्हींचा तिला हक्क होता. मग मीच विचारलं, "मला का बसवलंस? मी असं काहीतरी करणार हे तुला माहीत होतं."

"देव असेल, तर कुणीही बसलं असतं तरी चाललं असतं," ती सावकाश म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला श्वास लागत होता. "पण नसेल तर? बॅग भरताना तेच मनात होतं माझ्या. नसेल, तर माझं हृदय बंद असताना नीनाताई नसलेल्याच कुणाशी तरी बोलत बसल्या असत्या आणि माझ्यापाशी कुणीच नसतं. तू तरी माझ्यापाशी असशील, म्हणून तुझं नाव घातलं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ही बाई रोज पहाटे अंघोळ करून देवापुढे बसते. तिला ही शंका येत असेल, असं मला तीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, नुसता वादात तिला हरवत होतो.

"त्या सोळा मिनिटांत," मी म्हणालो, "आणि नंतर त्या खोलीत तर जास्तच, मी खरोखर मागत होतो, रत्ना. नुसतं म्हणत नव्हतो. कुणाकडे मागत होतो ते मात्र विचारू नकोस."

"नाही विचारत," ती म्हणाली. तिने उशी बाजूला ठेवली आणि मला पलंगावर बसायला जागा केली.