सगुणाच्या छातीतले खिळे

थेरगावच्या मारुतीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. चिमाजीबुवाने सुभद्राबाईच्या सगुणाच्या छातीला तोंड लावलं, जोर लावून चोखलं आणि तळहातावर खिळा थुंकला. लोकांनी हात जोडले.

"करनी हाय. आजून लई खिळे हायेत आत," बुवा म्हणाला. "पळता पळता उकिडवी बसती, ती पोरगी न्हाई, भूत बसतंय. बसू द्यायची न्हाई. उभी धरायची." वर त्याने पोरीच्या गळ्यात ताईत बांधला.

तेव्हापासून सुभद्राबाई लेकीला दंड धरून उभी करी. पोरीचे ओठ जांभळं खाल्ल्यागत निळे पडत, आणि या भोळ्या बाईला वाटे, भूत घाबरलं. एकदा पोर हातातच लुळी पडली. नवरा दत्तोबा पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर होता. तो धावत आला आणि बुवाला न विचारता दोघींना पुण्याच्या इस्पितळात घेऊन गेला.

सुभद्राबाईने खिळ्यांचं सगळं सांगितलं, तसा डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला.

"ताईत काढू दिला नाहीत ना? बघा, कसा पांढराधोप उमटलाय. लोखंडही असंच उमटतं. मग खिळे कुठायत?"

खिळा एकही नव्हता.

"हे हृदय. टोक वर उचललेलं, बुटासारखं. जन्मापासूनच असं. फुप्फुसाकडची वाट अरुंद, आणि आतल्या पडद्याला भोक असणार. छातीतला आवाजही तेच सांगतोय. म्हणून ती निळी पडते. उकिडवं बसलं की फुप्फुसाकडे जास्त रक्त जातं. बसून ती जीव वाचवत होती."

"आन् मी तिला उभी धरत व्हते," सुभद्राबाई पुटपुटली.

"मुंबईत याचं ऑपरेशन करू लागलेत. धोका आहे. पण न करण्यात जास्त आहे."

पुढच्या अमावस्येला बुवा मारुतीपुढे पुन्हा हजर. सुभद्राबाईने सगळ्यांदेखत तांब्या पुढे केला.

"बुवा, आदी चूळ भरा."

"मंतर बाटतो," बुवा बोबडा बोलला.

"भरा."

बुवाने घोट घेतला, पण ठसका लागला आणि पाण्याबरोबर गालातला खिळा फरशीवर पडला. बुवाने धोतर सावरत पळ काढला.

"तरी पोरीला चिरायला नेऊ नगंस," शेजारची सुमनताई म्हणाली. "देव कोपंल."

"भ्या मलाबी वाटतंय, ताई. हातपाय गार पडल्यात. पर उगं भुताला भिऊन मीच लेकीचा जीव घेत व्हते. तुमच्या लेकराला धाप लागली तर बुवा शोधू नगा, दवाखाना गाठा."

एवढं बोलून तिने सगुणाला कडेवर घेतलं आणि मुंबईच्या गाडीसाठी चिंचवड स्टेशनाची वाट धरली.