उजवीकडची सीट

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण तुमच्या गल्लीत उभ्या असतात तसली नव्हे. माझा जन्म इटलीतला. मला दोनच सीट आहेत, छप्पर कापडाचं आहे, आणि मी एवढी बसकी आहे की माझ्यात चढावं लागत नाही, उतरावं लागतं. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं पहिल्यापासूनच खाली आहे, त्यामुळे मला गर्वाची भीती वाटत नाही.

तुरीन शहरातल्या एका लहानशा कारखान्यात एका कारागिराने लाकडी हातोडीने माझा पत्रा ठोकून ठोकून गोल केला. ओझी वाहायला नाही, लग्नाची वऱ्हाडं न्यायला नाही, मला फक्त पळण्यासाठी घडवलं. पुढे एका इंजिनियरबरोबर मी बोटीतून मुंबईला आले. इंजिनियर मायदेशी परतला आणि मी एका गोदामात पडून राहिले. उंदरांनी माझ्या सीटमध्ये पिल्लं घातली, खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला. आम्हा इटालियन गाड्यांना गंज लवकर चढतो, आमच्या रूपाचा तो शापच आहे. तिथून मला हिंदुरावांनी सोडवलं.

हिंदुराव मूळचे वेळापूरचे. त्यांच्या लहानपणी गावातल्या सलूनमध्ये आरशाशेजारी एका लाल इटालियन गाडीचं चित्र लावलेलं होतं. ते बघायला मिळावं म्हणून हा पोरगा केस वाढायची वाट बघायचा. पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना उभा राहिला, सोलापुरात बंगला झाला, आणि चित्रातली गाडी शोधत ते माझ्यापर्यंत पोचले. मला बघून पन्नाशीतला तो माणूस रडला. मी लाजले नाही. रडण्यासारखीच होते मी.

सिद्धाप्पा मिस्त्रीने मला पुरतं खोललं आणि पुन्हा जोडलं. माझे दोन कार्बोरेटर सारखाच श्वास घेतात की नाही, हे हिंदुराव स्वतः रबरी नळी कानाला लावून ऐकायचे. जरा फरक लागला की जेवण टाकून परत वाकायचे. घरात त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा, खोकला महिनोन्‌महिने चालायचा. तो मात्र त्यांच्या कानापर्यंत कधी गेला नाही.

रविवारी उजाडलं की आम्ही निघायचो. इंजिन गरम होईपर्यंत हिंदुराव घाई करत नसत. तेल थंड असताना माझा दुसरा गिअर करकरतो, म्हणून ते पहिल्यावरून थेट तिसरा टाकायचे. वळसंग मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला, की छप्पर मागे सरायचं, काटा वर चढायचा, आणि माझा आवाज असा फुटायचा की ज्वारीच्या रानातली पाखरं उठायची. वळणाआधी गिअर उतरवताना ते टाचेने ॲक्सिलरेटरला टिचकी द्यायचे आणि मी हुंकारायची. तेव्हा चालवणारा कोण आणि पळणारी कोण, हे आम्हालाही सांगता आलं नसतं. मित्रांनो, तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही, आणि त्याच्यासाठी मी अजून जीव टाकते.

पण माझं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडच्या रस्त्यावर डावीकडे बसून चालवणाऱ्याला पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नाही. म्हणून उजवीकडच्या सीटवर सिद्धाप्पा बसायचा, मान बाहेर काढून बघायचा आणि “घ्या मालक” म्हणायचा. मगच हिंदुराव मला बाहेर काढायचे. पुढे सिद्धाप्पाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ती सीट रिकामी झाली.

वच्छलाबाईंनी ती सीट स्वतःसाठी मागून बघितली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, मला ट्रक दिसतोय की, मी सांगत जाईन. हिंदुराव हसले. केसांचं तेल चामड्याला लागतं, काकणांनी दाराचा रंग ओरखडतो, आणि बायकांना वाहनाचा अंदाज नसतो, अशी कारणं त्यांच्याकडे तयार होती. दसऱ्याला मात्र मला हळदकुंकू लावायला, चाकाखाली लिंबू ठेवायला आणि ओवाळायला वच्छलाबाईच लागायच्या. बाईने गाडी पुजावी, गाडीत बसू नये, असा त्या घरचा रिवाज. मला तो मुळीच गैर वाटला नाही. देव्हाऱ्यातल्या देवाला कुणी म्हणतं का, जरा सरक, मला बसू दे?

एके सकाळी मैंदर्गीहून फोन आला. वच्छलाबाईंचे वडील, अप्पा, शेवटच्या घटका मोजत होते आणि लेकीचं नाव घेत होते. घरची दुसरी गाडी मुलगा इंद्रजीत पुण्याला घेऊन गेला होता. हिंदुराव दारात मला पुसत होते. वच्छलाबाई आतून आल्या त्या केसांवर पदर घट्ट आवळून आणि दोन्ही मनगटांना कारखान्यातले नॅपकिन गुंडाळून. काकणाचं एक टोकही दिसत नव्हतं. त्या येऊन उजव्या दाराशी उभ्या राहिल्या.

हिंदुरावांनी फडका पिळला. “अक्कलकोटच्या म्होरं रस्ता खणून ठेवलाय. हिचं पोट घासंल. तू एस्टीनं जा.”

“अप्पा वाट बघत्यात,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“मग उबी का हायस? एस्टी काय दारात येती व्हय?”

वच्छलाबाईंनी मनगटाचे नॅपकिन तिथेच सोडले, घडी घातली आणि पायरीवर ठेवले. अक्कलकोटला एस्टी बदलून त्या मैंदर्गीला पोचल्या तेव्हा अप्पांना अंगणात आणलेलं होतं.

सिद्धाप्पा त्याच भागातला. त्या परतल्यावर एकदा तो घरी आला आणि बोलता बोलता सहज म्हणाला, की तो रस्ता कधीच डांबरी झालाय. हिंदुरावांनी कुणाला विचारलंच नव्हतं. वच्छलाबाई तेव्हा चहा घेऊन उभ्या होत्या. कप ठेवून त्या आत गेल्या. त्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी मला नेहमीसारखंच ओवाळलं. कुंकू सरळ लागलं. हात जरासुद्धा हलला नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

मग ऊसतोडीचे दिवस आले. एका रविवारी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आमच्यापुढे रेंगाळत चालला होता. हिंदुराव बराच वेळ त्याच्या मागे धूर खात राहिले. पलीकडचं दिसत नव्हतं आणि सांगायला उजवीकडे कुणी नव्हतं. त्यांनी एकदा त्या सीटकडे बघितलं, बहुतेक सवयीने, आणि मला बाहेर काढलं. समोरून दुधाचा टेम्पो आला. आम्ही रस्ता सोडून चारीत गेलो. माझा एक दिवा फुटला आणि नाक चेपलं. हिंदुराव उघड्या छपरातून बाहेर फेकले गेले. त्यांचं मानेखालचं सगळं गेलं. तोंड तेवढं राहिलं.

सिद्धाप्पा म्हणाला, गाडी गॅरेजला पाठवा, माझा पोरगा तिला महिन्यात पळवंल. वच्छलाबाईंनी मला पाठवलं नाही. हिंदुरावांच्या खोलीच्या खिडकीसमोर, भर उन्हात, त्यांनी मला उभं करवलं. शेजारणी म्हणाल्या, किती जीव लावते बाई, नवऱ्याची लाडकी गाडी त्याच्या डोळ्यांपुढे ठेवली. सोलापूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगू? पहिल्या उन्हाळ्यात माझं चामडं तडकलं आणि छपराच्या चिंध्या झाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात लाल रंग पिठासारखा बोटाला लागू लागला. बॉनेट तव्यासारखं तापतं हे बघून वच्छलाबाईंनी त्यावर जुनं धोतर अंथरलं आणि कुरडया घातल्या. लवकर वाळतात, असं त्या सगळ्यांना सांगत.

हिंदुराव आतून आधी ओरडायचे, मग शिव्या द्यायचे, मग विनवायचे. निदान एक चादर टाक तिच्यावर, म्हणायचे. सगळ्या देशाला चादरी पुरवणाऱ्या गावात माझ्यासाठी एक चादर निघाली नाही.

गेल्या चैत्रात पुण्याहून अद्वैत नावाचा एक तरुण आला. जुन्या इटालियन गाड्यांचं त्याला वेड होतं. त्याने कुरडयांसकट धोतर अलगद बाजूला ठेवून बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, आणि म्हणाला, इंजिन शाबूत आहे, वर्षभरात हिला पुन्हा रस्त्यावर आणतो. माझ्या गिअरवर त्याने हात ठेवला. त्या हाताला गिअर कळत होता. मित्रांनो, गंजलेल्या पत्र्यालाही आशा सुटत नाही.

हिंदुरावांनी त्याला खिडकीतूनच हाक मारली आणि ते बोलतच सुटले. तेल गरम होईपर्यंत दुसरा गिअर टाकू नका. कार्बोरेटर दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. वळणावर तिला दाबू नका, ती आपणहून वळते.

“वच्छे, देऊन टाक तिला,” ते म्हणाले. “मला न्हाई दिसली तरी चालंल. कुटं का हुईना, पळू दे. पाया पडतो तुज्या.”

वच्छलाबाई बाजूला ठेवलेल्या धोतरावरच्या कुरडया उलटत होत्या. त्यांचा हात थांबला. क्षणभर मला वाटलं, त्या हो म्हणणार.

“गाडीसाटी पाया पडताय व्हय माज्या?” त्या खिडकीकडे न बघता म्हणाल्या. “माज्या अप्पासाटी तुमाला हातातला फडका खाली ठेवणं झालं न्हाई.”

मग अद्वैतकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “न्हाई द्यायची, बाळा. ह्यांचा लई जीव हाय तिच्यात.”

अद्वैतचे डोळे भरून आले. त्याने वाकून त्यांना नमस्कार केला. फाटकातून बाहेर पडताना तो शेजाऱ्यांना म्हणाला, की अशी बायको मिळायला नशीब लागतं. त्या दिवसापासून हिंदुराव ओरडत नाहीत.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल, ही म्हातारी शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या म्हणून सांगणार. काळजीला इथे काही तोटा नाही. वच्छलाबाई हिंदुरावांना वेळेवर भरवतात, त्यांची कूस बदलतात, अंग पुसून पावडर लावतात. इतक्या दिवसांत पाठीला एक जखम नाही. डॉक्टर त्यांचं उदाहरण इतरांना देतात. मलाही त्या धोतर अंथरण्याआधी रोज स्वच्छ पुसतात. फक्त नवऱ्याशी त्या बोलत नाहीत.

तुम्हाला गाडी आवडली तर खुशाल आवडू द्या. तिला पळवा, तिचा आवाज कान भरून ऐका, तिच्यासाठी वेडे व्हा. हौसेला मोल नसतं. पण घरातल्या माणसाला नाही म्हणताना एवढं ध्यानात असू द्या, की उद्या आपल्या तोंडात पाणी घालायला तेच माणूस असणार आहे.

ऊन चढलं आहे. हिंदुराव आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, आणि वच्छलाबाई हलक्या हाताने, अजिबात न दुखवता, त्यांची मान माझ्याकडे वळवत आहेत.