कललेला दाणा

तांबटीण गेली ती हिवाळ्यात, तापानं. पण नेमकं काय गेलं ते गावाला उमगलं उन्हाळ्यात, शेळीवालीनं नवंकोरं पदक आणून तांबटाच्या उंबऱ्यावर आपटलं त्या दिवशी.

"हे घ्या तुमचं," ती म्हणाली. "शेळी ऐकत नाही."

तांबट ऐरणीशी बसून पत्र्याच्या कडा कानशीनं घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"शेळीच्या गळ्यात बांधलं होतंस का?"

"शेळीच्या गळ्यात कशाला बांधू? माझ्या गळ्यात होतं. तरी ती ऐकत नाही."

"जुनं होतं तेव्हा ऐकायची?"

"तेव्हाही नव्हती ऐकत. पण तेव्हा मला राग यायचा नाही."

तांबट पुन्हा कडा घासू लागला. बोलणं हे त्याचं खातंच नव्हतं. तो पत्रा कापायचा, तापवायचा, ठोकून गोल करायचा आणि त्यावर खुणा उठवायचा. राखणीला डोळा, चढउताराच्या कामाला शिडी, तापट माणसाला गोगलगाय, घरात भांडणं असतील तर उघडं दार. कुठल्या माणसाला कुठली खूण द्यायची ते तांबटीण ठरवायची. ही खूण कुठल्या देवाची, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "जो तुझं ऐकतो त्याची." माणूस पदक गळ्यात घालून जायचा.

पदक पुरं झालं की तांबट ते तिच्याकडं सरकवायचा. मग ती खिळा घेऊन त्याच्या खालच्या कडेला एक लहानसा खळगा पाडायची, ज्वारीच्या दाण्याएवढा, एका बाजूला निमुळता. त्याला सगळे दाणाच म्हणायचे. दाणा पडला की पदक तुमचं. त्याआधी ते नुसतं तांबं.

ती गेल्यावर तांबट स्वतःच दाणा पाडू लागला. त्यात अवघड ते काय? हयातभर ठोकाठोकच केलेली. त्याचा दाणा सुबक पडायचा, अगदी मधोमध, पहारेकऱ्यासारखा ताठ.

"हे बघा," शेळीवालीनं पदक त्याच्या नाकाशी धरलं. "ताठ आहे. तिचा दाणा डावीकडं कललेला असायचा."

"तिला सरळ ठोकता यायचं नाही."

"तिला सगळं यायचं," शेळीवाली म्हणाली आणि तरातरा निघून गेली. पदक तिथंच राहिलं.

ही बाई गावभर हिंडणारी. जिथं जिथं शेळी गेली तिथं तिथं ताठ दाण्याची बातमी गेली. ज्यांनी हिवाळ्यानंतर पदकं नेली होती त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि प्रत्येकाला आपली तक्रार सापडली. पिठाच्या गिरणीवाला लंगडत आला.

"दादा, गुडघा दुखतोय."

"मग औषध लाव. पदक कधी गुडघ्यासाठी होतं?"

"वहिनी होत्या तेव्हा होतं."

"तेव्हा दुखायचा नाही?"

गिरणीवाल्यानं गुडघा चोळला. "दुखायचा. पण वहिनी विचारायच्या ना, कुठल्या बाजूला दुखतो म्हणून. आता आमच्या घरात कुणी विचारतं का?"

तांबटानं त्याचं पदक ठेवून घेतलं. दार लागेना म्हणून एकानं परत आणलं. सासू गेली नाही म्हणून एकीनं आणलं. खिडकीतल्या डब्यात पदकांचा ढीग झाला. तांबटाची थोरली बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, ती भावजय गेल्यापासून भावाच्या घरी येऊन स्वयंपाकाचं पाहत होती. तिनं डबा हलवून पाहिला.

"खुळखुळा छान झालाय," ती म्हणाली. "आता असंच चाललं तर हाच वाजवत दारोदार फिर."

"लोकांची डोकी फिरलीत."

"लोकांची कशाला? तुझीच पदकं फिरून आलीत."

इथवर चेष्टेवारी चाललं होतं. खरी अडचण उभी राहिली ती विहिरीवर.

त्या वर्षी ऊन असं पडलं की शेतातल्या ढेकळांना हात लावला तरी चटका बसावा. जमिनीला भेगा पडल्या, त्यांत कोंबडीची पिल्लं अडकू लागली. गावाच्या विहिरीत बादली सोडली की चिखल यायचा, आणि तोही अर्धी बादली. तळाशी झरा होता, पण त्याच्या तोंडावर बाजूचा दगड ढासळून बसला होता. तो हलवायचा तर खाली उतरायला हवं, आणि एवढ्या खोल उतरणारा माणूस एकच. त्याला बेडूक म्हणायचे. हा बेडूक चांगला दाराएवढा रुंद गडी होता, नाव पडलं ते विहिरीवरून.

बेडूक म्हणाला, "उतरतो. पण माझं शिडीचं पदक मागच्या विहिरीत पडलं. नवं द्या, मग उतरतो."

तांबटानं सगळी कामं बाजूला ठेवून पदक केलं. शिडी अशी उठवली की तिच्यावर मुंगीनं चढावं. खाली दाणा ठोकला. बेडकानं ते उन्हात धरलं, तिरकं करून पाहिलं, अंगठ्यानं चाचपलं.

"ताठ आहे."

"असू दे की."

"मी ताठ दाणा घेऊन उतरणार नाही."

"अरे, सगळं गाव तहानलंय!"

"मी पण तहानलोय. पण वर तहानलेला बरा, खाली बुडालेला नको."

तांबटानं दुसरं पदक केलं. या वेळी अक्काच्या गळ्यातलं जुनं पदक मागून घेतलं, त्यावरचा तांबटिणीचा दाणा किती कललाय ते काडीनं मोजलं आणि तस्साच कललेला दाणा ठोकला. दोन्ही शेजारी शेजारी धरली तर देवालाही फरक कळू नये. बेडकानं पाहिलं आणि मान हलवली.

"हा मुद्दाम कललाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही तो कलवलाय. आपणहून नाही कलला."

मग सल्ले देणारे जमले. एक म्हणाला, डाव्या हातानं ठोका. ठोकलं, तर खिळा सटकून गिरणीवाल्याच्या बऱ्या गुडघ्यावर बसला, आणि आता त्याला दोन्ही बाजूंनी लंगडायची सोय झाली. दुसरा म्हणाला, डोळे मिटून ठोका. ठोकलं, तर दाणा शिडीच्या मधल्या पायरीवर पडला. "ही पायरी मोडली," बेडूक म्हणाला. "यावरून तर मी मुळीच जाणार नाही." तिसऱ्यानं सुचवलं की तांबटानं तांबटिणीची चप्पल घालून ठोकावं. त्याला अक्कानं लाटणं दाखवलं.

ऐरणीभोवती फुकट गेलेल्या तांब्याचा खच पडला. तांबट घामानं निथळत होता. बाहेर बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"मला जमत नाही," तो म्हणाला. "ती कशी ठोकायची ते मी कधी बघितलं नाही. मी माझ्या पुढच्या पत्र्याकडं बघायचो."

बायकांच्या मागून शेळीवाली पुढं आली. शेळी होतीच सोबत.

"ती तरी कुठं बघायची पत्र्याकडं?" ती म्हणाली. "माझ्याकडं बघायची. मला म्हणायची, हं, आता सांग, शेळीनं आज काय केलं? मी सांगत बसायची, आणि मध्येच कधीतरी टण्ण! पदक तयार. मला तर ठोकल्याचं कळायचंही नाही."

"ठोकताना बघायची नाही?"

"नाही हो."

"मग अंगठा?"

"तिच्या अंगठ्याचं नख कायम काळं असायचं. तुम्हाला ठाऊक नाही?"

तांबटाला ठाऊक होतं. भाकरी वाढताना ते नख त्यानं रोज पाहिलं होतं. त्याला वाटायचं ते चुलीनं काळं झालंय.

तो उठला. लहान ऐरण काखेत मारली, हातोडा आणि खिळा कनवटीला खोचला आणि विहिरीकडं चालू लागला. मागून सगळं गाव. विहिरीच्या काठावर त्यानं ऐरण मांडली, मांडी घातली, नवं शिडीचं पदक तिच्यावर ठेवलं.

"ये," तो बेडकाला म्हणाला. "उभा रहा समोर."

बेडूक येऊन उभा राहिला. तांबटानं खिळा पदकावर टेकवला, हातोडा उचलला आणि मान वर करून बेडकाच्या तोंडाकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाच्या तोंडाकडं असं पाहिलं नव्हतं. बेडकालाही ते अवघड झालं.

"काय," तांबट म्हणाला. "कसं काय?"

"बरंय."

"घरचे?"

"बरेत."

टण्ण! हातोडा अंगठ्यावर बसला. तांबटानं जे शब्द तोंडातून काढले ते ऐकून बायकांनी हंड्यांत तोंडं घातली. शेळीसुद्धा मागं सरली.

"असं विचारतात होय?" अक्का ओरडली. "तू काय पाहुण्याला पाणी देतोयस? नीट विचार त्याला!"

तांबटानं अंगठा तोंडात धरला, काढला, झटकला. पुन्हा खिळा धरला. बेडकाच्या अंगावर ऊन पडलं होतं आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तसा घाम सगळ्यांनाच आला होता. पण बेडकाचा हात सारखा गळ्याशी जात होता, जिथं जुनं पदक असायचं तिथं. तांबटाला ते दिसलं.

"भीती वाटते का रे खाली?"

बेडूक हसला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग हसायचं थांबला.

"वाटते," तो म्हणाला.

"पाण्याची?"

"पाण्याची नाही. अंधाराचीही नाही. वर दोर धरणाऱ्यांची."

दोर धरून उभे असलेले चौघे एकमेकांकडं पाहू लागले.

"हे लोक गप्पा मारतात," बेडूक म्हणाला. "मी खाली चिखलात कमरेएवढा. ओरडतो, ओढा रे ओढा! आणि वर कुणाची म्हैस किती दूध देते ते चाललेलं असतं. मागच्या वेळी मी घसा फाटेस्तोवर ओरडलो तर हा गिरणीवाला म्हणतो कसा, विहीर आज चांगली घुमतेय!"

"मला वाटलं तू गातोयस," गिरणीवाला म्हणाला.

"कमरेएवढ्या चिखलात मी गाईन?"

बायका हसायला लागल्या. पण बेडूक आता मोकळा सुटला होता. "आणि एकदा तर मला वर काढायचं सोडून जेवायला गेले! मी खाली. वर कुणी नाही. वर पाहिलं तर नुसतं गोल आभाळ, आणि त्यात एक कुत्रं वाकून बघतंय. त्या दिवशी मी कुत्र्याला माझ्या बायकोसाठी निरोप सांगितला, दादा."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, की माझ्या वाट्याची भाकरी झाकून ठेव, मी येतोय."

टण्ण.

कुणाच्या लक्षातच आलं नाही. तांबटाच्याही नाही. तो बेडकाकडंच पाहत होता. अक्कानं वाकून ऐरणीवर पाहिलं आणि म्हणाली, "पडला की रे."

दाणा पडला होता. पण तो डावीकडं कललेला नव्हता. भलताच उजवीकडं कलला होता, अगदी कडेला टेकून. सगळे माना वाकवून पाहू लागले. बेडकानं पदक उचललं.

"हा उजवीकडं आहे," तो हळूच म्हणाला. "तिचे सगळे डावीकडं असायचे."

तांबटाचा चेहरा पडला. मग त्यानं ऐरणीकडं पाहिलं, बेडकाकडं पाहिलं.

"घरात ती बसायची त्या जागेच्या उजव्या हाताला भट्टी आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक डावीकडंच उभं राहणार. तू आत्ता माझ्या उजवीकडं आहेस."

बेडकानं आपल्या पायांकडं पाहिलं. तो खरंच समोरून सरकत सरकत उजवीकडं गेला होता, ऊन चुकवायला.

"म्हणजे दाणा माझ्याकडं कललाय."

"दुसरीकडं कुठं कलणार? मी तुझ्याकडं बघत होतो."

बेडकानं पदक दोऱ्यात ओवलं, गळ्यात बांधलं, सदरा काढून अक्काच्या हातात दिला.

"दोर तुम्ही धरा, दादा," तो म्हणाला. "या चौघांना मागं उभं करा, आणि म्हशीचं नाव कुणी काढलं तर तिथंच दोन थोबाडीत द्या."

तो उतरला. तांबट काठावर पालथा पडून दोर धरून राहिला, दुखरा अंगठा दोराखाली चेंगरला तरी त्यानं हात हलवला नाही. खालून हाक आली की तो लगेच ओ द्यायचा. नुसता ओ नाही, "काय म्हणतोस?" असं विचारायचा. बेडूक खालून ओरडला, "काही नाही, ऐकताय का ते बघतोय!" असं त्यानं इतक्या वेळा केलं की शेवटी तांबट म्हणाला, "आता बोलायचं थांबव आणि दगड हलव." दिवस कलता कलता खाली दगडावर पहार वाजली, काहीतरी गडगडलं, आणि खालून बेडकाचा आवाज आला तो या वेळी खरंच गाण्याचा होता. भसाडा, पण गाण्याचा. पहिली बादली गढूळ आली. तीच बायकांनी एकमेकींच्या अंगावर उडवली.

त्यानंतर डब्यातली पदकं एकेक करून परत गेली. लोक येतात, तांबटासमोर बसतात, आणि तो हातोडा उचलून त्यांच्याकडं पाहतो. अजून त्याला नीट विचारता येत नाही. गिरणीवाल्याला त्यानं "गुडघा कुठल्या बाजूला दुखतो" असं विचारलं आणि "दोन्ही" असं उत्तर आल्यावर त्याचे प्रश्न संपले. मग गिरणीवालाच बोलत बसला, आणि दाणा पडला. शेळीवालीची शेळी अजूनही ऐकत नाही. पण पदक तिनं परत आणलेलं नाही. तांबटाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय.

परवा अक्कानं विचारलं, "सगळ्या गावाला पदकं घातलीस. तुझ्या गळ्यात रे?"

"मला कधी लागलंच नाही," तांबट म्हणाला. "ती होती ना घरात."

"आता नाही."

तांबटानं कानस उचलली.

"बस माझ्यासमोर," अक्का म्हणाली. "मी ठोकते."

"तू अंगठा फोडून घेशील."

"अंगठा माझा आहे. तुला काय करायचंय?"

"बघू," तो म्हणाला.

त्यानं स्वतःसाठी एक पत्रा गोल कापून, कडा घासून ठेवला आहे. त्यावर कुठली खूण काढायची ते अजून ठरलेलं नाही. अक्कासमोर तो अजून बसलेला नाही.