अंगठ्यातून उतरणारी गाठ

दयारामच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला त्या गुरुवारी जेवढं कुंकू लागलं, तेवढं लग्नात त्याच्या बायकोच्या, आवडाबाईच्या कपाळालाही लागलं नव्हतं. चौलच्या त्या सुपारीच्या वाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. बेंजो वाजत होता, पेढे वाटले जात होते, आणि खुर्चीत बसलेल्या दयारामचा अंगठा समोरच्या पाटावर ऐटीत विराजमान होता. बायका त्याला हात लावून डोळ्यांना लावत होत्या. एकीने तर मीठमोहरी घेऊन त्याची दृष्टसुद्धा काढली.

कारणच तसं होतं. दयारामच्या फुप्फुसातली गाठ त्या अंगठ्यातून बाहेर पडणार होती!

तसं दर गुरुवारी दरबार भरवणाऱ्या गाठी महाराजांनी जाहीरच केलं होतं. वाडीतल्या झोपाळ्यावर झोके घेत ते माईकमध्ये म्हणाले, "बाळांनो, गाठ म्हणजे काय? गाठ म्हणजे वाट चुकलेला उतारू! डॉक्टर त्याला मारायला धावतो, आम्ही त्याला तिकीट काढून देतो. रेवसला लाँचमध्ये बसलेला माणूस भाऊच्या धक्क्याला उतरतो का नाही? तशीच ही गाठ छातीच्या धक्क्यावरून सुटली आहे. पोटाचं बंदर घेईल, गुडघ्यावर चहा पिईल आणि अंगठ्याला उतरेल!"

"व्हय महाराज!" गर्दी ओरडली.

पुरावाही होता. महाराजांच्या मोठ्या टीव्हीवर दयारामच्या एमआरआयचे दोन फोटो झळकत होते. पहिल्या फोटोत एकाखाली एक अशा तीन पुसट गाठी दिसत होत्या. दुसऱ्या फोटोत एकच ठसठशीत गाठ होती, तीही चांगली दोन बोटं खाली सरकलेली.

"तीन भुतं होती. दोन पळाली, तिसरं चालायला लागलं!" महाराज गरजले. शेजारचा मोरू आपल्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन रांगेत उभा होता. त्याच्यामागे एकजण कवळी घेऊन आला होता. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

दयारामचं आयुष्य उरणच्या बंदरातून कंटेनर ओढण्यात गेलं होतं. खोकला हटेना म्हणून तपासलं, तर फुप्फुसाच्या खालच्या भागात कॅन्सरची गाठ निघाली. किरणांचे उपचार ठरले. त्याआधी नवी मुंबईच्या हॉस्पिटलात एमआरआय झाला, तेव्हा मशीनच्या त्या बोगद्यात तो नुसता धापा टाकत आणि खोकत पडला होता. फोटो बिघडला, म्हणून पुन्हा बोलावलं. मधल्या काळात आवडाबाईने त्याला महाराजांकडे आणलं. महाराजांनी कानात मंत्र दिला : "पूरय, धारय, मुंचय! मशीन गुरगुरलं की हाच जप करायचा. पूरय म्हणताना छाती भर, धारय म्हणताना दगडासारखा राहा, मुंचय म्हणताना सोड." दयारामने तसंच केलं आणि दुसरा फोटो असा आला!

तेव्हापासून आवडाबाई त्याला उजव्या पायात चप्पल घालू देत नव्हती. "गाठीची वाट बंद झाली मंजे?" आणि महाराजांची आज्ञा अशी, की वाटेतल्या उतारूवर किरण मारायचे नाहीत. दयारामने उपचारांना जाणंच बंद केलं.

त्याची मुलगी कल्पिता अलिबागच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती भांडली, रडली, अबोला धरून बसली. शेवटी तिने सूर बदलला.

"आबा, गाठ एव्हाना पोटात आली असंल ना?"

"आली असंलच!"

"मग डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ. म्हणजे त्यांचं तोंड बंद."

दयारामला हे एकदम पटलं. एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी असा तो दिमाखात हॉस्पिटलात शिरला.

डॉक्टर अमिषांनी अंगठ्याची सगळी कथा ऐकली. त्यांचे ओठ थोडे हलले, पण त्या हसल्या नाहीत. "बघू या की, कुठवर आली आहे ती," एवढंच त्या म्हणाल्या. त्याच्या पोटाला एक पट्टा बांधला, कानांवर हेडफोन चढवले आणि त्याला बोगद्यात सरकवलं.

मशीन गुरगुरलं. दयाराम जप सुरू करणार, तेवढ्यात कानात आवाज आला, "श्वास घ्या... रोखून धरा... आता सोडा."

दयाराम चमकला. पूरय, धारय, मुंचय! महाराजांचा गुप्त मंत्र, तोही शुद्ध मराठीत! पहिल्या खेपेला भीतीने आणि दुसऱ्या खेपेला जपाच्या नादात हा आवाज त्याच्या ध्यानातच आला नव्हता. त्याला आधी खुदकन हसू आलं, मग पोट धरून.

"काका, हलू नका! फोटो बिघडतोय!"

"बाई, आमच्या महाराजांचा मंत्र तुमच्याकडं कुठनं आला?"

पुढे कसंबसं हसू आवरून काम झालं. मग डॉक्टरांनी त्याला आणि कल्पिताला पडद्यासमोर बसवलं. आता फोटो नव्हता, हलती फिल्म होती. छाती फुगत होती, उतरत होती, आणि तिच्यात काळपट-करडी गाठ वर-खाली होत होती.

"तुम्ही श्वास घेता, छातीखालचा पडदा खाली जातो, गाठही खाली. श्वास सोडला की गाठ वर," डॉक्टर म्हणाल्या. "हे मशीन एका झटक्यात फोटो काढत नाही, थोडं थोडं गोळा करून चित्र जुळवतं. पहिल्या वेळी तुमचा श्वास आणि खोकला चालूच होता, म्हणून एकाच गाठीच्या तीन सावल्या उमटल्या. दुसऱ्या वेळी छाती भरून श्वास धरलात, म्हणून ती खाली आणि स्वच्छ दिसली."

"मंजे ती निघालीच न्हाय?"

"नाही काका. खाडीत बांधलेली होडी लाटेवर हलते, म्हणून ती काही मुंबईला निघालेली नसते."

दयारामच्या अनवाण्या पायाला फरशी एकाएकी गार लागली. कल्पिताने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "पण ती पसरलेली नाही, हे महत्त्वाचं. ती कुठवर हलते हे कळलं, की किरण नेमके तिच्यावर टाकता येतात, चांगलं फुप्फुस वाचतं. हा पोटावरचा पट्टा श्वास ओळखतो. आणि तुम्ही श्वास धरलात, की ती जागच्या जागी उभी राहते. हे बघा."

फिल्ममध्ये श्वास धरलेला भाग आला. गाठ थांबली. श्वास सुटला तशी हलली. दयारामने पुन्हा दाखवायला सांगितलं, मग आणखी एकदा. हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"आयला! मंजे हिचा डायवर मीच हाय!"

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी तो वाडीत पोचला, दोन्ही पायांत चपला घालून. आवडाबाईने कपाळावर हात मारला. दयारामने माईक मागितला आणि कल्पिताने हॉस्पिटलातली ती फिल्म दाखवायला आपला फोन टीव्हीला जोडला.

"मंडळी, ही माझी गाठ," दयाराम म्हणाला. "आता मी हिला नाचवतो. श्वास घेतला, खाली! सोडला, वर! धरला, थांब!"

पडद्यावरची गाठ अगदी तशीच वागत होती. आधी मोरू फिसकन हसला, आणि पाठोपाठ सगळी वाडी.

"ही आमच्या मंत्राचीच शक्ती!" महाराज ओरडले.

"मंग महाराज, हितं बघा. हितं मी श्वास धरून पडलो होतो. तवा गाठ का चालली न्हाय? तिकीट संपलं का काय तिचं?"

"तू तिला चिडवलंस! आणि ती तीन भुतं? ती कुठून आली?" महाराजांनी विचारलं.

आता कल्पिता पुढे झाली. अंधारून आलं होतं. झोपाळा चालूच होता. तिने फोनचा नाइट मोड लावला आणि फोटो काढला. टीव्हीवर झोपाळा आला, आणि त्यावर पुढे एक, मध्ये एक, मागे एक असे तीन पुसट महाराज!

"मी फोन धरून होते आणि महाराज हलत होते," ती म्हणाली. "हलत्या गोष्टीचा सावकाश फोटो काढला, की एकाचे तीन होतात. आबांच्या छातीत हेच झालं."

"अरे, महाराजांनाच तीन भुतं लागली!" कवळीवाला किंचाळला. आवडाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत सुटली. महाराजांनी झोपाळा थांबवला, पण आता उशीर झाला होता. पुढे असंही कळलं, की पूर्वाश्रमी ते एका एक्स-रेच्या दुकानात पेशंटांना मशीनसमोर उभं करायचे. दिवसभर कानावर पडलेलं "श्वास घ्या, धरा, सोडा" त्यांनी संस्कृतात बसवलं होतं.

हसण्याच्या गलक्यातून नीराबाई वाट काढत पुढे आली. तिच्या स्तनात गाठ होती आणि महाराजांच्या शब्दावर तिनेही हॉस्पिटल सोडलं होतं. ती अजिबात हसत नव्हती.

"पोरी," ती कल्पिताला म्हणाली, "मला लई उशीर झाला का गं?"

कल्पिताने तिचा हात धरला. "ते डॉक्टरच सांगतील मावशी. पण इथे बसून कळणार नाही. उद्या सकाळी आमच्यासोबत चला."

"मी बसतो हिच्याबरोबर," दयाराम म्हणाला. "त्या बोगद्याची भीती कशी घालवायची, ते मला ठावं हाय."

आणि नीराबाई दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत हॉस्पिटलात गेली. तिचे उपचार सुरू झाले. दयारामचेही किरण पार पडले. प्रत्येक वेळी तो छाती भरून असा स्तब्ध राहायचा, की तंत्रज्ञ त्याची वाहवा करत. गाठ बारीक झाली. तपासण्या अजून चालू आहेत, आणि त्या चुकवायच्या नाहीत हे आवडाबाईच त्याला बजावते. यात चमत्कार काही नाही. गाठ नीट पाहणारी माणसं आहेत आणि त्यांचं नीट ऐकणारा पेशंट आहे.

तेव्हा मंडळी, कुणी दोन फोटो नाचवून तुमचं दुखणं पळवल्याचं सांगू लागला, तर अंगठा पुढे करू नका. त्याला सरळ विचारा : फोटो काढला तेव्हा श्वास आत होता की बाहेर? उत्तर देता आलं नाही, तर उठा आणि तडक डॉक्टरकडे जा.