गोमेचं बारसं

प्रभाने हातातला केकचा तुकडा तसाच डब्यात ठेवला आणि लेखाचं पहिलं पान पुन्हा वाचलं. नव्या जातीच्या गोमेला तिचं नाव दिलं होतं. लेखक म्हणून मात्र एकच नाव: उन्मेष.

"प्रभाताई, आवडलं ना? आता तुमचं नाव सायन्समध्ये फॉरेव्हर!" उन्मेष म्हणाला. एडमंटनच्या या विद्यापीठात तो प्रोफेसर. ती त्याच्या लॅबमधली टेक्निशियन, अकरा वर्षं काँट्रॅक्टवर. उणे तीस अंशांच्या थंडीत गाडी काढून त्याने खास केक आणला होता.

फॉरेव्हर म्हणे! प्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही गोम सापडली तीच मुळी तिला. कुणा शहाण्याने तिची बाटली संग्रहातल्या कोळ्यांच्या कपाटात कोंबली होती. कोळ्या-विंचवांना असले जबडे नसतात. गोम झुरळ-खेकड्यांच्या जबडेवाल्या गोतातली. एवढंही कुणी पाहिलं नव्हतं. तिने ती बाटली बाहेर काढली, सहा महिने त्या इवल्याशा जबड्याचे दात मोजले, चित्रं काढली. लेखातली एकूण एक आकृती तिची होती.

"लेखकांत माझं नाव का नाही?"

"अहो, स्वतः शोधलेल्या जातीला स्वतःचंच नाव द्यायची रीत नाही ना. तुम्हाला लेखक केलं असतं, तर हे नाव देता आलं नसतं."

"म्हणजे माझा मान राखायला मलाच वगळलंस?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे! शुक्रवारी क्युरेटरच्या पोस्टला अप्लाय करायचंय मला. तिथे स्वतः लिहिलेले लेख मागतात, बारशाचं आमंत्रण नाही. आणि हे तुला पक्कं माहीत होतं!"

उन्मेष डब्याचं झाकण लावत बसला. ते नीट बसेना.

"अजून ड्राफ्टच आहे," तो पुटपुटला. "उद्या पाठवायचाय. तुम्ही म्हणाल ते चेंज करू."

प्रभाने त्याचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. लेखकाच्या जागी आधी स्वतःचं नाव घातलं. मग गोमेच्या नावातून प्रभा काढून तिथे उन्मेष बसवला.

"अहो ताई, पण मग मी लेखक कसा..."

"मान देतेय रे," प्रभा म्हणाली आणि तिने फाइल सेव्ह केली. "नाही म्हणू नये."