नऊपैकी पाच

किशनरावांनी लातूरचं सर्टिफिकेट टेबलावर असं आपटलं, की डॉक्टर शिल्पांचा चष्मा घसरून खाली पडला.

"नऊपैकी पाच! माझ्या लेकीला मार्क दिले यांनी, मार्क! चार असते तर शहाणी, पाच झाले म्हणून येडी. ही कुठली रीत हाय, मॅडम?"

लेक, अयोध्या, शेजारच्याच खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. सर्टिफिकेट तिच्याच नावाचं होतं. 'व्यक्तिमत्त्व विकार : आहे.' या एका ओळीच्या जोरावर नवऱ्यानं लातूरच्या कोर्टात चार वर्षांच्या तनुजाचा ताबा मागितला होता. मागितला म्हणजे काय, आठ महिन्यांपासून पोरगी त्यानं घरात ठेवूनच घेतली होती. कोर्टानं नांदेडच्या मानसोपचारतज्ज्ञ म्हणून शिल्पांचं दुसरं मत मागवलं होतं आणि तारीख सोमवारची होती.

शिल्पांनी चष्मा उचलला, कागद तिसऱ्यांदा वाचला आणि त्यांचं डोकं तिसऱ्यांदा तापलं. नऊ लक्षणं, प्रत्येकासमोर टीक करायचा चौकोन. पाच जुळली की विकार, चार जुळली की सुटका; मधे काही नाहीच. पाचवी टीक होती 'विनाकारण तीव्र संताप' या लक्षणावर. विनाकारण! तपासणी सासरच्या घरी झाली होती. डॉक्टर ओळखीचे, उत्तरं निम्मी सासूनं दिलेली, आणि तनुजा आतल्या खोलीत कोंडलेली, दार वाजवून रडणारी. आईनं अशा वेळी काय, गालातल्या गालात हसायचं होतं?

"काका, मी असं आहे-नाही लिहीत नाही," शिल्पा म्हणाल्या. "राग किती, माणसं सोडून जातील ही भीती किती, लेकराची काळजी किती, एकेक मोजून लिहिते. कमी, मध्यम, जास्त. कधी आणि कुठे, तेही."

"मग हिचा राग किती लिवणार?"

"जास्त. लग्नाआधीपासून आहे, तिनंच सांगितलंय. पण लेकरावर तो एकदाही निघालेला नाही."

किशनराव उठले आणि परत बसले. आवाज एकदम खाली आला.

"मॅडम, म्या तीस वर्षं तलाठी होतो. पिकाची पैसेवारी काढायचो, रुपयात किती पैसे पीक आलं ते. पन्नास पैशाच्या आत आली की दुष्काळ, वर गेली की काईच न्हाई. वरच्या लोकायला किती-बिती कळत न्हाई, रेघेच्या अल्याड का पल्याड, एवढंच कळतंय. तुमी 'जास्त' लिवलं की कोर्ट तेवढंच वाचंल. त्यापरीस तुमच्या कागदातून ती रागाची टीक काढून टाका. नऊपैकी चार करा, मिटलं. म्या लई येळा केलंय हे. साहेबाचा फोन आला की अठ्ठेचाळीसचे बावन्न केलेत."

शिल्पांना संताप आला, आणि म्हातारा कोर्टाबद्दल खरं बोलत होता म्हणून जास्तच आला. रागाची टीक ठेवायला आधार होता, काढायलाही होता; राग जुना होता, पण विनाकारण नव्हता. पेनाचा एक फटकारा, आणि सोमवारी पोरगी आईकडे येण्याची बरीच आशा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"टीक काढू नका," अयोध्या म्हणाली.

ती आल्यापासून पहिल्यांदा बोलली होती. किशनराव चिडले.

"गप बस. तुझ्यासाठीच करायलोय ना म्या?"

"आप्पा, कंधारकडं भाड्यानं राहायचो त्या गावची तुमी बावन्न लिवली होती. दुष्काळाची मदत आली न्हाई, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी दिवाळीनंतर उसाच्या तोडीला गेल्या. तुमी बावन्न लिवल्यावर ज्वारी उगवली होती का?"

किशनरावांनी टेबलावरचं सर्टिफिकेट पालथं घातलं. अयोध्या शिल्पांकडे वळली.

"राग न्हाईच म्हणून लिवलं, तर कशाचा राग, हे कोण इचारणार? मला राग हाय. लई हाय. माझी पोरगी दाराआड रडत होती आन् मला इचारत होते, झोप लागते का!" तिचा आवाज फाटला. "जेवढा हाय तेवढा लिवा, मॅडम. आन् का हाय तेबी लिवा."

शिल्पांनी कोर्टाचा फॉर्म पुढे ओढला. 'विकार : आहे / नाही.' त्याखाली शेऱ्यासाठी एकच ओळ होती, तीही अर्धी.

किशनरावांनी वाकून ती ओळ पाहिली. मग बोटानं फॉर्मच्या कोपऱ्यावर टिचकी मारली.

"हितं 'सोबत जोडपत्र पाहावे' असं लिवा. जोडपत्राला किती पानं लावावी, याला नियम न्हाई." ते उठले, टोपी सारखी केली. "म्या कागद घेऊन येतो. किती आणू?"

"रीम आणा," अयोध्या म्हणाली.