लवूच्या श्वासाची फळी

माझ्या अंगभर भोकं आहेत, पण मला वाळवी लागलेली नाही. मी एक फळी आहे आणि लवूचा श्वास मांडून ठेवायला माझा जन्म झाला.

लालबागच्या सुताराकडून मला करवून घेतलं परळच्या दवाखान्यातल्या नर्स कांताबाईंनी. दर आठवड्याला माझ्यात एक नवी पट्टी बसायची, तिच्यावर सात वारांच्या सात उभ्या रांगा. मी लवूच्या खोलीत टांगलेली; तो रोज श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकायचा. फुंकर जोराची तर टाचणी वर, कमजोर तर खाली. टाचण्यांना लाल दोरा गुंडाळला की आठवड्याचा चढउतार समोर. कुठलीही पट्टी काढा, दुसरीखाली लावा, ताडून बघा. कागदाच्या तक्त्याला हे जमत नाही, म्हणून मी जरा भाव खाते.

लवू गिरणीत कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या यंत्रावर. दर सोमवारी त्याची छाती आवळायची आणि टाचणी तळाला जायची. घरात कारण ठरलेलं होतं: रविवारचं माशाचं कालवण. म्हणून त्याच्या बायकोने, गंगुबाईने, अकरा वर्षं रविवारी मासळी शिजवली नाही. मालवणी घरात याहून कडक उपास नाही. तरी सोमवार सुधरेना, तेव्हा दोष शनिवारच्या कालवणावर गेला.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप लागला. सोमवारची टाचणी वर राहू लागली, ते घरात उपासाचं फळ ठरलं. दोनेक महिन्यांनी एका रविवारी शिवडीच्या मंजुळा कोळणीने गंगुबाईला चार बांगडे दिले. घरात दुसरं काही नव्हतं. लवू भीत भीत जेवला. तरी सोमवारी टाचणी वरच. त्याचा विश्वास बसेना, तीनदा फुंकला. पुढचे चार रविवार मासळी, चारही सोमवार टाचणी वरच.

कांताबाईंनी गिरणीतल्या दिवसांची एक पट्टी काढून संपातल्या पट्टीखाली लावली. "मासळी नाही, दादा. कापसाची धूळ. एक दिवस सुट्टी पडली की दुसऱ्या दिवशी छातीला ती जास्तच बाधते."

"अकरा वर्सां तुमी माझ्या कालवणाक दोष दिलात," गंगुबाई म्हणाली. लवू खाली बघून हसत राहिला.

पुढच्या वर्षी गिरणीचा निरोप आला, कार्डिंग खात्यातच या. लवूने सदरा चढवला.

"मी खानावळ घालतंय, तुमी डबे पोचवा," गंगुबाई म्हणाली. "तरी जावचा तर जावा. पण आधी ह्या दोन पट्ट्या बघा."

मला फार भीती वाटली. मी काही त्याचा हात धरू शकत नव्हते. लवूने खालच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं, सोमवारपाशी थांबला. मग सदरा खुंटीला अडकवला.

तो घोडपदेवच्या चाळींत डबे पोचवू लागला, तीन-तीन जिने चढून. काही महिन्यांनी कांताबाईंनी नळी पुढे केली, तर म्हणाला, "आता कित्या मोजूचा, बाई? श्वास घेतंय ह्याच ध्यानात नसता."

कांताबाईंनी मला परत नेलं, आता मी त्यांच्या माळ्यावर असते. त्यांची नात मोबाइलवर कुणाकुणाच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ बोटाने सरकवते, ते वरून बघते. माझ्या शेवटच्या सहा पट्ट्या कोऱ्या आहेत. कुणी मला खाली काढलंच, तर काम अर्धवट राहिलं म्हणून हळहळू नका, त्यांत टाचण्याही रोवू नका. तेव्हा लवू जिने चढत होता.